नेली की गेली?

कोल्हापूर

चि. मनूस,


तुझा मेसेज वाचला. तुझी मैत्रीण अठरा पूर्ण व्हायच्या आधी त्या मुलाबरोबर घर सोडून गेली, चार दिवसांनी पोलिसांनी दोघांना परत आणलं आणि मुलावर अपहरणाचा गुन्हा दाखल झाला. तू रागाने विचारतेस, "आत्या, ती स्वतःच्या पायांनी गेली. कुणी ओढून नेलं नाही, डांबून ठेवलं नाही. मग अपहरण कसलं?" प्रश्न खरा आहे. कोर्टात इतकी वर्षं काढल्यावर सांगते, हाच प्रश्न मी आईवडिलांच्या तोंडून ऐकलाय, आरोपींच्या तोंडून ऐकलाय आणि न्यायाधीशांनी वकिलांना विचारतानाही ऐकलाय. त्याचं उत्तर दोन ओळींत दिलं तर ते अर्धवट राहील आणि अर्धवट उत्तराने तुझा राग चुकीच्या दिशेला जाईल. म्हणून हे सविस्तर पत्र.

तुझ्या मैत्रिणीच्या प्रकरणाची कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत, म्हणून तिच्याबद्दल निकाल देणार नाही. कायदा काय म्हणतो, तो तसं का म्हणतो आणि तो कुठे चुकीच्या हातात पडतो, एवढं सांगते.

आपण बोलताना सगळ्यालाच अपहरण म्हणतो. कायद्यात मात्र हे दोन वेगळे गुन्हे आहेत. १८६० सालच्या भारतीय दंड संहितेत ते वेगळे होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही वेगळेच आहेत. पहिलं अपनयन, कलम १३७. त्याचे दोन प्रकार: कुणाही माणसाला त्याच्या संमतीवाचून भारताबाहेर नेणं, आणि अठरा वर्षांखालच्या मुलाला किंवा मनोविकल व्यक्तीला कायदेशीर पालकाच्या ताब्यातून, पालकाच्या संमतीवाचून, घेऊन जाणं किंवा फूस लावून नेणं. दुसरं अपहरण, कलम १३८. कुणालाही, मग तो कोणत्याही वयाचा असो, बळजबरीने किंवा फसवून एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला लावणं.

आता या दोन व्याख्या शेजारी ठेवून बघ. अपहरणात बळ किंवा फसवणूक लागते, कारण तिथे राखायची असते ती त्या माणसाची स्वतःची मर्जी. मोठ्या माणसाला कुठे जायचं ते तो ठरवतो. त्याची मर्जी मोडली किंवा खोटं सांगून वळवली, तरच गुन्हा. पालकाच्या ताब्यातून नेण्याच्या अपनयनात मात्र बळ लागत नाही, फसवणूक लागत नाही, मूल रडलं की हसत गेलं हेही कुणी विचारत नाही. तिथे विचारलं जातं एवढंच: पालकाने होकार दिला होता का? तुझ्या मैत्रिणीचं प्रकरण या अपनयनाच्या घरात बसतं. म्हणून तिच्या होकाराने गुन्हा पुसला जात नाही.

तू म्हणशील, सतरा वर्षांच्या मुलीच्या म्हणण्याला काहीच किंमत नाही का? किंमत आहे आणि ती कुठे आहे ते पुढे सांगते. पण आधी कायद्याने मुलाच्या होकारावर विसंबायचं का नाकारलं, ते समजून घे.

मूल पळवणारा माणूस बहुतेक वेळा मुलाला घाबरवत नाही. तो त्याला हसवतो. खाऊ देतो, गाडीवर फेरी मारायला बोलावतो, "तुझ्या आईने पाठवलंय" म्हणतो. मूल आनंदाने त्याचा हात धरतं. मुलाच्या होकाराला बचाव मानलं असतं तर सगळ्यांत चलाख गुन्हेगार सगळ्यांत सहज सुटला असता. आपल्या कोल्हापुरानेच हे भोगलंय. १९९६ साली अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली पकडल्या गेल्या, तेव्हा मी इथल्याच कोर्टात वकिली करत होते. या बायका पश्चिम महाराष्ट्रातून आणि मुंबईच्या आसपासहून लहान मुलं पळवत. गर्दीत चोरी करताना मूल कडेवर असलं की संशय येत नाही आणि पकडलं गेलं तर मुलाच्या आडून सुटता येतं, एवढ्यासाठी. मूल अडचणीचं झालं की त्याला मारून टाकत. तेरा मुलं पळवल्याचा आरोप होता. पाच मुलांच्या खुनाबद्दल दोन्ही बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कायम केली. पुढे दयेच्या अर्जावर निर्णय द्यायला झालेल्या अक्षम्य विलंबामुळे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. त्या मुलांना नेणारी माणसं बायका होत्या, आईच्या वयाच्या. अशा बाईबरोबर चालत जाणाऱ्या मुलाकडे रस्त्यावरचं कुणी वळून बघत नाही.

म्हणून कायद्याने पालकाचं छत्र हीच राखण्याची गोष्ट ठरवली. ताबा म्हणजे मूल डोळ्यांसमोर असणं असंही नाही. अंगणात खेळणारं, शाळेच्या वाटेवरचं, दुकानात साखर आणायला गेलेलं मूलही पालकाच्या ताब्यातच असतं. पालक म्हणजे फक्त आईबाप असंही नाही. ज्या मामाकडे मूल शिकायला ठेवलंय तो मामा, ज्याच्या हवाली मूल रीतसर केलंय तो माणूस, हेही पालकच. किती लांब नेलं, किती वेळ ठेवलं याला महत्त्व नाही. त्या ताब्यातून मूल बाहेर काढलं त्या क्षणी गुन्हा पुरा होतो. "मला वाटलं ती अठराची आहे" हेही चालत नाही. इंग्लंडमध्ये १८७५ साली प्रिन्स नावाच्या माणसाच्या खटल्यात असाच बचाव आला होता आणि न्यायाधीशांनी तो फेटाळला. मुलीचं वय नीट माहीत करून घेण्याची जोखीम नेणाऱ्याच्या डोक्यावर, हे तत्त्व तेव्हापासून चालत आलंय.

नव्या कायद्यात एक मोठी दुरुस्ती झाली, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. जुन्या संहितेत मुलीसाठी वय अठरा होतं आणि मुलासाठी सोळा. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलाला फूस लावून परराज्यातल्या कारखान्यात नेलं, तर पालकाच्या ताब्यातून नेण्याचा हा गुन्हा लागतच नसे. आता मुलगा आणि मुलगी दोघांनाही अठरा. कामाला जुंपण्यासाठी मुलगेही सर्रास नेले जातात. त्यांनाही हे छत्र मिळायला दीड शतकाहून जास्त काळ लागला.

आता तुझ्या मैत्रिणीच्या म्हणण्याची किंमत. कायद्यातले शब्द आहेत "नेणं" आणि "फूस लावणं". गुन्हा आरोपीच्या कृतीचा असतो. त्याने काय केलं हे दाखवावं लागतं. मुलगी घराबाहेर पडली एवढ्याने भागत नाही. मद्रासच्या वरदराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला होता. अठराच्या अगदी उंबरठ्यावरची, कॉलेजात शिकणारी मुलगी. तिने स्वतः फोन करून त्याला ठरल्या जागी बोलावलं, स्वतः त्याच्याबरोबर नोंदणी कार्यालयात गेली, घरी परत जायचं तिच्या मनात नव्हतं. न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. सांगितलं ते थोडक्यात असं: अल्पवयीन मुलीला नेणं वेगळं आणि समजत्या वयाच्या मुलीला आपल्याबरोबर येऊ देणं वेगळं. घर सोडायचा तिचा बेत ठरवण्यात आरोपीचा काहीतरी हात होता, हे दिसायला हवं. तो निकाल १९६५ सालच्या निकालसंग्रहात छापला आहे आणि आजही प्रत्येक बचाव पक्षाचा वकील तो घेऊनच उभा राहतो.

पण तेवढ्यावर थांबलीस तर अर्धंच वाचलंस. १९७३ मध्ये दोन निकाल आले. एका गुजरातच्या खटल्यात पैसेवाल्या, वयाने मोठ्या माणसाने पंधरा वर्षांच्या मुलीला भेटवस्तू देऊन, गोड बोलून, आश्वासनं देऊन आधीपासून आपल्याकडे ओढलं होतं. शेवटी ती आपणहून त्याच्या दारात आली. न्यायालय म्हणालं, त्याने आधी पेरलेल्या आमिषाचा तिच्या मनावर भार होता. अशा वेळी ती आपल्या मर्जीने आली असं म्हणता येत नाही. हरियाणाच्या दुसऱ्या खटल्यात सांगितलं की बळ किंवा कपट लागत नाही. अल्पवयीन मुलाच्या मनात जाण्याची इच्छा निर्माण होईल अशी मनधरणी पुरते. आणि २०२१ मध्ये गुजरातच्याच एका प्रकरणात न्यायालयाने पुन्हा बजावलं, प्रेमप्रकरण होतं म्हणून अपनयनाचा दोष जात नाही. मात्र त्याच प्रकरणात बळजबरी नव्हती, दोघांचं वय कमी होतं, बरीच वर्षं लोटली होती, हे लक्षात घेऊन शिक्षा कमी केली.

तर खरा प्रश्न असा: नेली की गेली? त्या मुलाने तिला घर सोडायला उद्युक्त केलं का? की घरात मारहाण होती, ठरवलेलं लग्न होतं, शिक्षण बंद होणार होतं, आणि तिने स्वतः बेत करून त्याला हाक मारली? त्याचे मेसेज, त्याने काढलेली तिकिटं, दोघांच्या वयातलं अंतर, ती बाहेर पडायच्या आधीच्या महिन्यांत काय काय घडलं, हे सगळं कोर्ट तपासेल. तिचा जबाब तिथे मोलाचा आहे. ती खरं बोलली तर तो मुलगाही वाचू शकतो आणि, खरं तसं असेल तर, ती स्वतःही फसवली गेली होती हे तिला कळू शकतं. एक धोका मात्र तुला माहीत असू दे. दोघांमध्ये शारीरिक संबंध आले असतील तर पॉक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा २०१२ चा कायदा लागतो. तिथे अठराखालच्या होकाराला अर्थच नाही आणि शिक्षा जबर आहे. वयाचा वाद निघाला तर आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तरच हाडांची तपासणी, असा क्रम आहे.

आता उलट बाजू सांगते, कारण तू पुढच्या महिन्यात एकोणीसची होशील.

अठरा पूर्ण झालेल्या मुलीला पालकाच्या ताब्यातून "नेणं" हा गुन्हाच होऊ शकत नाही. ती कुणाच्या ताब्यात नसते. तरीही मुलगी आपल्या पसंतीने, विशेषतः जातीबाहेर, लग्न करून गेली की घरचे पोलीस ठाण्यात जातात. मुलीला पळवून नेलं, फसवलं, डांबलं असं लिहून देतात. मग मुलाच्या आईबापांना, बहिणीला, मेव्हण्याला ठाण्यात बसवून ठेवतात. २००६ चा लता सिंग खटला असाच होता. सज्ञान मुलीने परजातीत लग्न केलं म्हणून भावांनी फिर्याद दिली आणि नवऱ्याच्या नातेवाइकांना तुरुंगात जावं लागलं. सर्वोच्च न्यायालयाने ते खटले रद्द केले. सज्ञान व्यक्ती आपल्या पसंतीने लग्न करू शकते, घरच्यांना पटत नसेल तर त्यांनी फार तर संबंध तोडावेत, धमक्या आणि हिंसा करू नये, असं ठणकावून सांगितलं. २०१८ च्या हादियाच्या प्रकरणातही उच्च न्यायालयाने रद्द केलेलं लग्न सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मान्य केलं. सज्ञान बाईच्या निवडीवर बापाची किंवा न्यायालयाची मालकी नाही, हा त्याचा अर्थ. कधी कुणा सज्ञान मैत्रिणीवर अशी वेळ आली तर तिला सांग, लपत फिरू नकोस. वकिलाबरोबर मॅजिस्ट्रेटपुढे जा आणि वयाच्या दाखल्यासह स्वतःचा जबाब नोंदव. जिवाची भीती असेल तर उच्च न्यायालयाकडे संरक्षण माग.

मर्जी न विचारता "सोडवणं" किती क्रूर होऊ शकतं, याचं उदाहरण आपल्याच देशाच्या इतिहासात आहे. फाळणीत दोन्ही बाजूंना हजारो बायका पळवल्या गेल्या. त्यांना शोधून परत पोचवायचं काम दोन्ही देशांनी मिळून हाती घेतलं. मृदुला साराभाईंनी ते उभं केलं आणि कमलाबेन पटेलांसारख्या कार्यकर्त्यांनी लाहोरात राहून, जिवावर उदार होऊन केलं. सुमारे ३०,००० बायका-मुलं परत पोचवली गेली. त्या कामाचं मोल कमी नाही. पण त्यासाठी भारताने १९४९ मध्ये जो कायदा केला, त्यातली अपहृत व्यक्तीची व्याख्या वाचून माझ्या अंगावर आजही काटा येतो. १ मार्च १९४७ नंतर कुटुंबापासून तुटलेली कोणत्याही वयाची मुसलमान बाई कुणा बिगरमुसलमानाच्या घरी सापडली, की ती अपहृत. तिला काय वाटतं हा प्रश्न त्या व्याख्येत नव्हताच. काही बायकांचे दोन-दोन संसार मोडले होते, काहींच्या पोटात मूल होतं, काही हात जोडून म्हणत होत्या, आता आम्हाला इथेच राहू द्या. शोधपथकांनी त्यांनाही नेलं. संविधानसभेत काही सदस्यांनी यावर आवाज उठवला, पण कायदा झाला, पुढे सर्वोच्च न्यायालयातही टिकला. ज्या बाईला एकदा तिच्या मर्जीविरुद्ध नेलं होतं, तिला दुसऱ्यांदा तिच्या मर्जीविरुद्ध नेलं, आणि दुसऱ्या वेळी सरकारने.

हे तुला मुद्दाम सांगतेय. लहान मुलाच्या बाबतीत पालकाचा होकार बघायचा, हे बरोबर आहे. पण तीच नजर मोठ्या बाईवर लावली की बाई कायमची कुणाच्या तरी ताब्यातली वस्तू होते. अठरा हा आकडा कायद्याने काढलेली रेघ आहे. रेघेच्या अलीकडे छत्र राखायचं, पलीकडे मर्जी राखायची. दोन्हींचा घोळ झाला की एकीकडे मुलं पळवणारे सुटतात आणि दुसरीकडे लेकीसुना कोंडल्या जातात.

आता शिक्षेबद्दल थोडं. नुसत्या अपनयनाला सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. नुसत्या अपहरणाला मात्र स्वतंत्र शिक्षाच नाही. ते कशासाठी केलं यावर गुन्हा ठरतो आणि हेतूप्रमाणे दोन्हींची शिक्षा चढत जाते. गुपचूप डांबून ठेवायला नेलं तर सात वर्षांपर्यंत. बाईला तिच्या इच्छेविरुद्ध लग्नाला भाग पाडण्यासाठी नेलं तर दहा. खून करण्यासाठी नेलं तर जन्मठेपेपर्यंत. दहा वर्षांखालच्या मुलाच्या अंगावरचं काही चोरण्यासाठी त्याला नेण्याचं कलमही वेगळं आहे. जत्रेत कानातलं, वाळा, साखळी यांच्यासाठी मुलं उचलली जात, त्या काळाची ती आठवण. भीक मागायला लावण्यासाठी मूल पळवलं तर आता किमान दहा वर्षं सक्तमजुरी आणि त्यासाठी त्याला अपंग केलं तर किमान वीस. पालक नसलेला माणूस मुलाला भीक मागायला वापरताना सापडला तर त्याने ते मूल पळवलंय किंवा गैरमार्गाने मिळवलंय असंच कायदा धरून चालतो. तसं नाही हे त्यानेच सिद्ध करायचं. पळवून आणलेलं माणूस जाणूनबुजून लपवणाराही तितकाच दोषी.

सगळ्यांत कडक शिक्षा खंडणीसाठी पळवण्याला, जन्मठेप किंवा फाशी. हे कलम १९९३ मध्ये, अतिरेक्यांनी माणसं ओलीस धरायला सुरुवात केली होती त्या काळात, आलं. २०२१ मध्ये हैदराबादच्या एका खटल्यात न्यायालयाने त्याची हद्द आखून दिली. पळवलं आणि पैसे मागितले एवढ्याने हे कलम लागत नाही. जिवे मारण्याची वा इजा करण्याची धमकी दिली, किंवा तशी भीती वाटावी असं वर्तन केलं, हेही सिद्ध व्हावं लागतं. तिथे एका रिक्षावाल्याने शाळकरी मुलाला नेऊन वडिलांकडे दोन लाख मागितले होते. धमकीचा भाग सिद्ध झाला नाही, म्हणून त्याला साध्या अपनयनाची सात वर्षांची शिक्षा झाली. फाशीपर्यंत नेणारं कलम लावताना एक-एक पायरी तपासलीच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

घराच्या आतही मुलं पळवली जातात आणि तिथे कायदा अडखळतो. नवराबायको वेगळे झाले आणि एकाने मूल उचलून नेलं, तर काय? बाप हा हिंदू कायद्यात नैसर्गिक पालक. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सहसा आईकडे असतो, पण म्हणून बाप परका होत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये सांगितलं, कोर्टाचा मनाई हुकूम नसेल तर बापाने आपलं मूल आईकडून नेणं हे अपनयन ठरत नाही. तिथे कुटुंब न्यायालयाची वाट धरावी लागते. परदेशातल्या आपल्या मराठी मुलींना तर हे जरूर सांगावं लागतं. अमेरिकेत सोळा वर्षांखालचं मूल दुसऱ्या पालकाचा हक्क डावलण्यासाठी देशाबाहेर नेणं हा १९९३ पासून फौजदारी गुन्हा आहे. तिथे छळ सोसणारी बाई मुलाला घेऊन पुण्याला माहेरी येते, तेव्हा तिच्या नावावर तिकडे गुन्हा नोंदला जाऊ शकतो. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाबद्दलच्या १९८० च्या हेग करारावर भारताने सही केलेली नाही. त्यामुळे इथली न्यायालयं मुलाचं हित काय यावर प्रत्येक प्रकरण वेगळं तपासतात. त्यात बाईला थोडा आसरा आहे आणि मागे राहिलेल्या चांगल्या बापाला फार मोठी वेदना.

आता तुझ्या उपयोगाची गोष्ट. मूल हरवलं की ठाण्यात सांगतात, "चोवीस तास थांबा, येईल." असा कोणताही नियम नाही. १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर आदेश दिला, की हरवलेल्या प्रत्येक मुलाबाबत ते पळवलं गेलंय किंवा विकलं गेलंय असं गृहीत धरून तत्काळ गुन्हा नोंदवायचा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ललिताकुमारी खटल्यात, दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे असा निर्णय दिला. तो खटलाही एका लहान मुलीच्या अपहरणाचाच. तिच्या बापाची तक्रार ठाण्यात कुणी घेत नव्हतं, म्हणून तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आज देशात कुणाचीही फिर्याद नाकारली गेली तर त्या बापाने मिळवलेला निर्णय त्याच्या पाठीशी असतो. आता कुठल्याही ठाण्यात, हद्द न बघता, फिर्याद देता येते. ११२ आणि मुलांसाठी १०९८ हे दोन नंबर पाठ असू देत. १०९८ ची सुरुवात १९९६ मध्ये मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेतून झाली. पहिले तास सगळ्यांत मोलाचे असतात. फोटो, अंगावरचे कपडे, मोबाइल नंबर, शेवटचं कुणी पाहिलं, हे एका कागदावर लिहून घेऊन जायचं आणि एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्यायची.

२०२२ मध्ये देशभरात अपनयन-अपहरणाचे १,०७,५८८ गुन्हे नोंदले गेले. हा आकडा बघून घाबरू नकोस आणि त्याला हलकंही समजू नकोस. हरवलेल्या मुलांची प्रकरणंही त्यात येतात, कारण तसं गृहीत धरायचा आदेशच आहे. घर सोडून गेलेल्या जोडप्यांची येतात. आणि खरोखर विकली गेलेली, कामाला जुंपलेली, कधीच न सापडलेली मुलंही त्यातच असतात. पीडितांत सर्वांत जास्त अठराखालच्या मुली आहेत. एका कलमाखाली इतक्या वेगवेगळ्या गोष्टी येतात म्हणूनच प्रत्येक फाइल उघडून वाचावी लागते. आकड्यावरून समाजाबद्दल मत बनवणं सोपं आहे. एका मुलीचं म्हणणं शांतपणे ऐकून घेणं अवघड आहे आणि न्याय त्यातूनच होतो.

तुझी मैत्रीण आता घरी आहे, म्हणजे बहुधा तिचा फोन काढून घेतलाय आणि तिच्याशी कुणी धड बोलत नाही. तू तिच्याकडे जा. तिला शहाणपण शिकवू नकोस, "तू असं का केलंस" विचारू नकोस. तिला एवढंच सांग, की जबाब देताना जे घडलं ते जसंच्या तसं सांग. घरच्यांच्या धाकाने मुलाला खोटं अडकवू नकोस आणि मुलावरच्या प्रेमापोटी त्याने केलेलं काही लपवूही नकोस. तिला घरात मार पडत असेल, जबरदस्तीने लग्न लावायचा घाट असेल, तर ती बाल कल्याण समितीपुढे उभी राहून "मला घरी जायचं नाही" असं म्हणू शकते. समितीला ते ऐकून घ्यावं लागतं. तिच्या आईवडिलांशी बोलायचं असेल तर मला कळव, मी येईन. ते वाईट लोक नाहीत. चार दिवस मुलगी कुठे आहे हे माहीत नसणं म्हणजे काय, ते त्यांनी भोगलंय, आणि तुझ्या रागात त्यांच्या त्या चार दिवसांनाही जागा असू दे.

त्या मुलाला वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं, हे त्याच्या घरी पोचव. ते कुणीतरी सांगायलाच लागतं. अशा घरांत ते कुणालाच माहीत नसतं आणि त्यातच महिने निघून जातात.

आणि तुझ्यासाठी: तू कायदा शिकावास असं मला फार वाटतं. निर्णय तुझा. तुला मी कुठे नेणार नाही, पण तू निघालीस तर माझी सगळी पुस्तकं तुझी.

तुझी,
आत्या